रॅकला हात लावला की झिणझिण्या, पाऊस लागला की आरसीसीबी डाऊन

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. इमारतीच्या स्टिल्टमध्ये किंवा मीटर रूमला लागून इंटरनेटचा आणि सीसीटीव्हीचा रॅक आहे. त्यात दहा-पंधरा उपकरणं. पाऊस लागला की आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात) उडतो, ऊन पडलं की आठवडाभर गप्प. लाईट जाऊन आली की हमखास उडतो. वर केला तर कधी राहतो, कधी राहत नाही. मग एक दिवस उडणं थांबतं, पण रॅकच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर पेटतो. मल्टिमीटर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. स्विच बदलून झाला, सप्लाय बदलून झाला, आरसीसीबी सुद्धा नवीन बसवला, तरी पुढच्या पावसात पुन्हा तेच.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टेलिकॉम उपकरणांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करतो, १९ वर्षं झाली. दर पावसाळ्यात ही तक्रार येते आणि येणारा माणूस सप्लाय पिशवीत घालूनच येतो. सप्लाय टेबलावर लावला की व्यवस्थित चालतो. खोट तिथे नसतेच.

घाईत असाल तर एवढं वाचा. रॅकला झिणझिण्या येत असतील तर त्याचं अर्थिंग तुटलंय किंवा कोणीतरी सोडलंय. मेन बंद करा, परवानाधारक वायरमनला बोलवा, अर्थिंग जोडून घ्या आणि तोवर कोणाला रॅकमध्ये हात घालू देऊ नका. अर्थिंग जोडल्यावर आरसीसीबी पुन्हा उडायला लागेल. त्याने घाबरू नका, त्याचा इलाज वेगळा आहे आणि तो पुढे दिलाय.

आता घडलेली गोष्ट. घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे, २२ मजल्यांची एक इमारत. तिथल्या रॅकचे तीन सप्लाय दोन महिन्यांत माझ्याकडे येऊन गेले. तिन्ही चांगले निघाले. चौथ्यांदा फोन आला तेव्हा विषय वेगळा होता. फायबरचं काम करणारा पोरगा शिडीवर चढून पॅच कॉर्ड बदलत होता, कोपर रॅकच्या कडेला लागलं आणि तो झटक्याने मागे गेला. खाली वॉचमनने शिडी धरली होती म्हणून निभावलं. मी दुकान बंद करून तसाच निघालो.

सोसायटीचे वायरमन काका हजर होते. साठीच्या आसपासचे, सरळ माणूस. मी विचारलं, "काका, आरसीसीबी उडायचा ना हा? मग थांबला कसा?"

"मीच थांबवला साहेब. लाईट आली की फाटकन पडायचा. रात्री दोन-दोनला मेंबरांचे फोन, नेट नाही म्हणून. शेवटी एकेक वायर सोडून बघितली. ही हिरवी सोडली आणि त्या दिवसापासून एकदाही पडला नाही."

रॅकच्या मागे हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर टोकाला काळी टेप गुंडाळून व्यवस्थित बांधून ठेवली होती. काकांनी जे पाहिलं ते अगदी खरं होतं. हिरवी वायर सोडली की उडणं थांबतं. का थांबतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आरसीसीबी एकच गोष्ट बघतो: फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का. फरक पडला तर तो फरक दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय असं समजून तो पडतो. रॅकमधली ती दुसरी वाट म्हणजे हिरवी वायर. ती सोडली की गळणाऱ्या करंटला जायला जागाच उरत नाही, फरक दिसत नाही, आरसीसीबी शांत. गळती मात्र तिथेच असते, पत्र्यावर दबा धरून. पुढचा माणूस हात लावेल तेव्हा तोच हिरवी वायर होतो.

चांगल्या सप्लायमधून करंट गळतोच का?

गळतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. आजचे सगळे सप्लाय एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगवर चालणारे. आतला मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून जी खरखर तयार होते ती मेन लाइनवर जाऊ नये म्हणून फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर लावलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. सप्लाय उघडलात तर निळी चपटी चकती दिसेल, वर वाय १ किंवा वाय २ छापलेलं. खरखरीला तो वाट देतो तसा ५० हर्ट्झच्या मेनलाही थोडी देतो. हिशोब सोपा आहे: २३० व्होल्टवर ४.७ नॅनोफॅरडमधून ०.३४ मिलिअँप. दोन टप्प्यांचा फिल्टर असेल तर त्याच्या दुप्पट, आणि पिन सॉकेटच्या आतच २.२ नॅनोफॅरडचा फिल्टर असेल तर वर आणखी ०.१६. म्हणजे स्विचमधल्या एका साध्या सप्लायची गळती पाऊण-एक मिलिअँपच्या घरात.

हे मानकात बसतं. संगणक आणि दळणवळणाच्या उपकरणांसाठी बरीच वर्षं आयईसी ६०९५०-१ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक होतं. आपल्याकडे त्याच्यावरून केलेलं आयएस १३२५२ (भाग १). त्यात तीन पिनच्या, अर्थ केलेल्या, साध्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणाला ३.५ मिलिअँपपर्यंत मुभा आहे. दोन पिनच्या, अर्थ नसलेल्या ॲडॉप्टरला फक्त ०.२५. या दोन आकड्यांतला फरक बघा. पहिल्या उपकरणाला चौदापट सूट मिळते ती हिरव्या वायरच्या भरवशावर. ती वायर काढली की ती सूट घेण्याचा हक्क त्या उपकरणाला राहत नाही.

घोडबंदरच्या रॅकमध्ये १४ सप्लाय होते: ८ स्विच, ३ पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारे) स्विच, २ रेकॉर्डर आणि मीडिया कन्व्हर्टरची १ पेटी. एकेकटा मोजला तर प्रत्येक जण नियमात. पण सगळ्यांचे पत्रे स्क्रूने एकाच रॅकला आवळलेले, म्हणजे विजेच्या दृष्टीने १४ जणांचं अंग एकच. गळती एकत्र होते. हिरवी वायर तात्पुरती जोडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून लीकेज क्लॅम्पमध्ये (वायरीभोवती अडकवून गळती मोजणारा मीटर) घेतल्या तर आकडा आला ११.६ मिलिअँप.

या आकड्याचं गांभीर्य नवीन मानकाच्या भाषेत जास्त चांगलं कळतं. आयईसी ६२३६८-१, पहिली आवृत्ती २०१० ची. युरोपात डिसेंबर २०२० मध्ये त्याने जुन्या ६०९५०-१ ची जागा घेतली. हे मानक विजेची तीन वर्गांत वाटणी करतं. ईएस १ म्हणजे जाणवेल, पण त्रास नाही. ईएस २ म्हणजे दुखेल, पण साधारणपणे इजा होणार नाही. ईएस ३ म्हणजे इजा होऊ शकते. आपल्या ५० हर्ट्झच्या एसी करंटसाठी पहिल्या वर्गाची हद्द ०.५ मिलिअँप, दुसऱ्याची ५ मिलिअँप. साधारण १० मिलिअँपच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. आपला रॅक ११.६ वर, म्हणजे सरळ ईएस ३. त्यातलं एकही उपकरण सदोष नव्हतं. शिक्क्याची, नोंदणीची, नियमात बसणारी १४ उपकरणं एकत्र आवळून वायरीचं एक टोक सोडलं की जीवघेणी वस्तू तयार होते, आणि कारखान्यात होणाऱ्या कुठल्याच चाचणीत ती सापडणार नाही, कारण कारखाना एकेक उपकरण तपासतो.

आणि आता सगळ्यात वाईट भाग. त्या पोराच्या अंगातून ११ मिलिअँपच्या आसपास करंट गेला तेव्हा आरसीसीबी पडला नाही. पडणारही नव्हता. ३० मिलिअँपचा आरसीसीबी १५ पर्यंत पडता कामा नये आणि ३० ला ०.३ सेकंदात पडलाच पाहिजे, असा त्याचा नियम. ११ त्याच्या खिजगणतीतही नाही. "आरसीसीबी आहे ना, मग काळजी कशाला" असं सेक्रेटरी काका मला दोनदा म्हणाले. त्यांना हेच समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. ते बटण आतल्या आत एका रेझिस्टन्समधून फेज आणि न्यूट्रलमध्ये फरक पाडतं. अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नाही. हिरवी वायर तुटलेली असतानाही बटण बरोबर काम करतं.

टेस्टर आणि मीटर काय सांगतात, काय सांगत नाहीत

अर्थ तुटलेल्या रॅकवर मीटरने ११२ व्होल्ट दाखवले. २३० चे निम्मे. हा आकडा दिसला की ओळखा: फेजकडचा वाय कपॅसिटर आणि न्यूट्रलकडचा वाय कपॅसिटर सारखे असतात, पत्रा त्यांच्या मधोमध लोंबकळतोय. फेज थेट बॉडीला लागली असती तर २३० आले असते.

पण या ११२ वरून धोका किती ते कळत नाही. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम, तो जवळपास काही ओढतच नाही. घरातल्या दोन पिनच्या चांगल्या ॲडॉप्टरच्या आउटपुटलाही तोच मीटर ८०-९० व्होल्ट दाखवेल. निऑनचा टेस्टर तर काही मायक्रोअँपवर पेटतो, दोन्हीकडे सारखाच. व्होल्ट बघू नका, करंट बघा.

त्याची पद्धत: मेन बंद करून रॅकचा पत्रा आणि मीटर रूमची अर्थ पट्टी यांच्यामध्ये मगरपिनांनी २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स लावायचा, मीटर त्याच्यावर बसवायचा, हात काढून घ्यायचा आणि मग मेन चालू करायचं. हे २ किलोओहम म्हणजे ढोबळमानाने माणसाचं शरीर. (मानकातलं जाळं याहून बारीक आहे. १५०० ओहम आणि त्याला समांतर ०.२२ मायक्रोफॅरड, पुढे ५०० ओहम. ५० हर्ट्झला आपला साधा रेझिस्टन्स पुरतो.) रॅकवर २२.६ व्होल्ट आले, म्हणजे ११.३ मिलिअँप. शेजारी एक दोन पिनचा ॲडॉप्टर तसाच मोजला तर ०.३ व्होल्ट, म्हणजे ०.१५ मिलिअँप. साध्या मीटरवर दोघं जवळपास सारखे दिसत होते. वायरमन काकांनी हे आकडे स्वतः वाचले आणि काही न बोलता खिशातून पक्कड काढून हिरव्या वायरवरची टेप सोडायला घेतली.

मग पाऊस आला की का उडायचा?

११.६ वर आरसीसीबी पडत नाही. मग जून-जुलैत काय व्हायचं? त्याच आरसीसीबीवरून कंपाउंड वॉलवरच्या कॅमेऱ्यांची लाइन गेली होती. भिंतीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात जोड, डब्याचं झाकण वरच्या बाजूला आणि वायर वरूनच आत शिरलेली. उघडला तर तळाशी दोन बोटं पाणी, टेप सुटून लोंबलेली, तांब्यावर हिरवा गंज. एवढ्या एका डब्याची गळती क्लॅम्पवर १३.५ मिलिअँप.

दोन्ही चालू केले तेव्हा मात्र आकडा २५.१ आला नाही, १७.८ आला. काकांना वाटलं मीटर बिघडला. मीटर बरोबर होता. कपॅसिटरचा करंट व्होल्टेजच्या पाव चक्कर पुढे धावतो, ओल्या भिंतीतून जाणारा व्होल्टेजच्या बरोबरीने. त्यामुळे त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. ११.६ चा वर्ग अधिक १३.५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १७.८. हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यावहारिक आहे: एकेक लाइन सोडून "हिने किती कमी झाला" असं बघत बसलात तर आकडे जुळणार नाहीत आणि भलत्याच लाइनवर संशय जाईल. प्रत्येक लाइन एकटी चालू ठेवून मोजा.

आरसीसीबी तपासायच्या यंत्राने करंट हळूहळू वाढवत नेला तेव्हा तो आरसीसीबी १७ च्या जरा वर पडला. नियमात बसणारा, चांगला आरसीसीबी. भिंत ओली असली की १७.८, पडला. दोन दिवस ऊन पडून डब्याची गळती ८ वर आली की एकूण १४, राहिला. लाईट परत येते त्या क्षणी १४ सप्लायचे वाय कपॅसिटर एकदम चार्ज होतात, क्षणभर मोठा धक्का बसतो, तेव्हा १४ वर असलेलाही पडतो. हिरवी वायर सोडली की उरतात फक्त डब्याचे १३.५, आणि ते १५ च्या आत. तीन महिने जे कोडं वाटत होतं ते एवढंच होतं.

मधल्या काळात सोसायटीने नवीन अर्थ पिट खणून घेतला होता, कोळसा-मीठ घालून, रोज बादलीभर पाणी ओतून. पिट चांगला झाला होता, त्यात शंका नाही. पण रॅकपासून पिटापर्यंत वायरच पोचत नव्हती. अर्थिंगची तक्रार आली की आपल्याकडे आधी कुदळ निघते. आधी ओहम मीटर काढा.

काय केलं

सगळ्यात आधी अर्थिंग. रॅकच्या तळाला तांब्याची पट्टी बसवली, तिथून मीटर रूमच्या अर्थ पट्टीपर्यंत १० चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर, १४ मीटर, मध्ये एकही जोड नाही. दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले लग, खाली दातेरी वॉशर, आणि पत्र्यावरचा रंग घासून काढलेला. रंगावर आवळलेला लग दिसायला छान दिसतो, पण जोड होत नाही. १० चौरस मिमी का, तर आयईसीच्या वायरिंग मानकात कायम जोडलेल्या उपकरणाचा अर्थमधून वाहणारा करंट १० मिलिअँपच्या वर असेल तर तांब्याची अर्थ वायर किमान एवढी जाड किंवा दुहेरी हवी असं म्हटलंय. जाडी करंट वाहून नेण्यासाठी नाही, सहज तुटू नये म्हणून. प्रत्येक उपकरणाच्या मागे अर्थचा एक स्क्रू असतो, जो कोणी वापरत नाही. ते चौदाही स्क्रू पट्टीला जोडले. रॅकच्या पत्र्यापासून मीटर रूमपर्यंत मोजलं: ०.०३ ओहम.

मग लाइन वेगळ्या केल्या. आरसीसीबीवर सतत राहणारी गळती त्याच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. ३० मिलिअँपला ती ९ होते. म्हणून रॅकचे दोन भाग, सात-सात सप्लाय, प्रत्येकाला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत). बाहेरच्या कॅमेऱ्यांना तिसरा. तिन्ही टाइप ए चे, कारण एसएमपीएसमध्ये रेक्टिफायरच्या पुढे बिघाड झाला तर गळती तुटक डीसीच्या रूपात येते आणि जुने टाइप एसी ती नीट ओळखत नाहीत. इथे एक चूक हमखास होते: फेज वेगळी काढतात आणि न्यूट्रल तिन्हींचे एकाच लिंकला आवळतात. तसं केलंत तर पहिल्याच मिनिटाला सगळे पडतील. ज्याचा फेज त्याचाच न्यूट्रल.

भिंतीवरचा डबा बदलला. ग्लँड खालून, वायरला डब्याच्या आधी खाली झोळ, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं.

हे करू नका

वाय कपॅसिटर कापू नका. "गळतीच बंद" म्हणून हा उपाय सुचवणारे बाजारात भेटतात. कापला की सप्लायची खरखर बाहेर पडते, डीएसएल आणि कॅमेऱ्याच्या चित्रात ती दिसते, आणि मुख्य म्हणजे तुटलेलं अर्थिंग तसंच राहतं. अर्थिंगचं खरं काम गळती नेणं हे नाहीच. सप्लायमधलं बेसिक इन्सुलेशन ज्या दिवशी फाटेल आणि पूर्ण फेज पत्र्यावर येईल त्या दिवशी तो करंट जमिनीत ओढून फ्यूज उडवणं, हे त्याचं काम. झिणझिण्या त्याआधीची सूचना देत असतात.

त्याहून भयंकर म्हणजे वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक लावणं. माझ्या टेबलावर असा एक ॲडॉप्टर अजून ठेवलाय, दुकानात येणाऱ्या पोरांना दाखवायला. प्रायमरी (मेनकडची बाजू) आणि आउटपुटच्या मध्ये, जिथे वाय १ हवा, तिथे एक किलोव्होल्टचा तपकिरी सिरॅमिक, वर कसलाच शिक्का नाही. वाय १ चा कपॅसिटर ८ किलोव्होल्टचा झटका सोसून पास झालेला असतो, वाय २ चा ५ किलोव्होल्टचा. हा साधा सिरॅमिक विजांच्या एका कडकडाटात शॉर्ट होईल आणि १२ व्होल्टच्या पिनवर २३० येतील. पन्नास पैसे वाचवण्यासाठी.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आणखी एक. ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलरच्या खाली पीसीबीवर जी मोकळी पट्टी किंवा कापलेली फट असते, तिथे फ्लक्स साचू देऊ नका आणि जंपर टाकू नका. साधारण पीसीबीवर, २५० व्होल्टसाठी, रीइन्फोर्स्ड इन्सुलेशनला पृष्ठभागावरचं अंतर किमान ५ मिमी लागतं, तेही स्वच्छ ऑफिससारखी हवा गृहीत धरून. ओलसर, धुळकट जागेच्या वर्गात तेच ८ मिमी होतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घोडबंदरची धूळ आणि स्टिल्टमधला ओलावा. कारखान्याने सोडलेलं अंतर इथे मुळातच कमी पडतं, ते आणखी खाऊ नका.

हायपॉट टेस्टरवर (जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासणारं यंत्र) चांगला सप्लाय फेल झाला म्हणूनही लोक येतात. प्रायमरी ते आउटपुट ३००० व्होल्ट एसी लावले की २.२ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधूनच २ मिलिअँप जातात. टेस्टरची हद्द १ वर ठेवली असेल तर तो बिचारा फेलच दाखवणार. डीसीवर करा, ४२४२ व्होल्ट, आणि झाल्यावर कपॅसिटर डिस्चार्ज करायला विसरू नका. मात्र ४८ व्होल्टच्या टेलिकॉम रेक्टिफायरमध्ये पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असतो. तिथे हे ३००० व्होल्ट तयार युनिटवर लावले तर ते प्रायमरी ते अर्थ या १५०० व्होल्टच्या इन्सुलेशनवर येऊन बसतात आणि चांगलं युनिट तुम्हीच मारता. तिथे प्रायमरी ते अर्थ १५०० एवढंच तपासा.

केबल टीव्हीवाल्यांना हेच दुखणं वेगळ्या रूपात भेटतं. सेट टॉप बॉक्स दोन पिनचे, एकेकाची गळती ०.१५ सारखी, पण कोॲक्सची (टीव्हीच्या गोल केबलची) जाळी सगळ्या घरांतून एकच. वीस घरांचे मिळून ३ मिलिअँप, आणि गच्चीत कनेक्टर सोडणाऱ्या पोराच्या दोन हातांत ते येतात. जुन्या ६०९५०-१ मध्ये जाळ्यातून येणाऱ्या अशा बेरजेसाठी स्वतंत्र कलम होतं, म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. कोॲक्सची जाळी इमारतीत शिरते तिथे आणि गच्चीत अर्थला जोडा. कनेक्टर सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या जाळ्या जंपर वायरने एकमेकांना जोडून घ्या.

नवीन सप्लाय घेताना लेबल वाचा. आयएस १३२५२ आणि त्याखाली आर अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक. अशा ॲडॉप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. डेटाशीट मिळालं तर त्यात लीकेज करंटचा आकडा असतो. रॅकमध्ये किती सप्लाय बसणार त्या संख्येने त्याला गुणा, आणि मग आरसीबीओ किती लागतील ते ठरवा.

सप्टेंबरात सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा मी पुन्हा जाऊन आलो. रॅकचे दोन भाग ५.७ आणि ५.९ वर, कॅमेऱ्यांची लाइन ०.३ वर. काकांनी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने तिन्ही आकडे तारखेसह लिहिलेत आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: "हिरवी वायर सोडू नये. आधी फोन करावा." खाली त्यांचा स्वतःचा नंबर.